शिंग नव्हे, कासरा

परवा माझ्या थोरल्या भावाचे तेरावे झाले. पाने वाढून झाली होती, भाताला अजून कोणी हात लावला नव्हता, तेवढ्यात पुतण्या उभा राहिला आणि वडिलांच्या आठवणी सांगू लागला. त्यांत त्याने मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या, म्हणजे म्हशाच्या, जत्रेची आठवण सांगितली. काकांची, म्हणजे माझी, नुकतीच अक्कलदाढ काढलेली, गाल सुजलेला, तरी काका हौसेने भावाबरोबर बैल विकायला गेले, ऐन सौद्यात बैलाने मान उडवली, शिंग काकांच्या गालावर बसले, काका रक्ताने न्हाले, आणि भावाने हातात आलेला सौदा टाकून देऊन धाकट्याला सांभाळून घरी आणले. पंगत हळहळली. एकीने पदर डोळ्यांना लावला. 'असा भाऊ मिळायला भाग्य लागतं,' असे माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ मलाच म्हणाले.

माझ्या स्वतःच्या घरात याच घटनेची निराळी कथा चालते. ती माझ्या मुलींनी रचली आणि आता नातवंडांना पाठ आहे. सिद्धगडाखालच्या एका गरीब माणसाची फसवणूक होत होती, आजोबांना दया आली, आणि दुखऱ्या तोंडाने बोलून त्यांनी त्याला वाचवले, अशी ती कथा.

दोन्ही खोट्या आहेत. पहिली लाजेपोटी रचली गेली, दुसरी मायेपोटी. माणूस मेला म्हणून त्याचे खोटे खरे होत नाही, आणि मी अजून जिवंत आहे म्हणून माझ्याविषयीचे गोड खोटे मी गिळावे असेही नाही. तेव्हा जे घडले ते क्रमाने लिहितो.

आमचे गाव मुरबाड तालुक्यात, किन्हवलीच्या अंगाला. साठ साल उजाडायच्या थोडे आधीची गोष्ट. वडील गेल्यावर घराचा कर्ता थोरला भाऊ झाला होता; बोलणे त्याचे, व्यवहार त्याचा. माझ्याकडे एकच गोष्ट अशी होती की जी त्याच्याकडे नव्हती, आणि ती म्हणजे बैलाच्या दातांची पारख. बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. दुधाचे दात पडून मोठे येत जातात तसे त्याचे वय कळते. सगळे आले की बैल जुळला असे म्हणतात. जुळल्यानंतरचे वय मात्र झिजेवरून आणि मुळाशी पडलेल्या फटीवरून ओळखावे लागते, आणि तिथेच लोक फसतात, कारण व्यापारी कानस लावून म्हाताऱ्या बैलाचे दात तरुण करतात. कानस लागलेला दात मी ओठ उचलताच सांगत असे. म्हशाच्या जत्रेत आजूबाजूच्या गावांतले लोक मला बोलावून नेत. मी 'घे' म्हटले की घेत, 'सोड' म्हटले की सोडीत. मी पंचविशीच्या आत होतो, आणि पांढऱ्या मिशांचे लोक माझ्या तोंडाकडे बघत उभे राहत. या गोष्टीचा मला गर्व होता. अजून आहे.

त्या वर्षी भाताची झोडणी चालू असतानाच माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ उठली. दातवाल्याचाच दात किडला, हा विनोद खळ्यावर एकदा होऊन थांबला नाही. एका दुपारी चुलतभावांनी मला पेंढ्यावर पाडले. एकाने पाय धरले, एकाने बैलाच्या नाकात घालतात तशी दोन बोटे माझ्या नाकपुड्यांत घातली आणि डोके मागे ओढले.

"ओठ उचल रे ह्याचा, जुळलाय का बघू!"

"जुळलाय, पर मागून फुटलाय. देऊन टाक कसायला!"

थोरला भाऊ खळ्याच्या कडेला उभा होता. तो हसला नाही, पण थांबवायलाही आला नाही. "लवकर सोडा," एवढेच म्हणाला, "झोडायचं पडलंय."

ताप चढला आणि मला गिळताही येईना, तेव्हा त्याने गाडी जुंपली. शहापूरला बाजाराच्या दिवशी दातांचे एक डॉक्टर येत असत. त्यांनी बोटाने चाचपून सांगितले की दाढ हिरडीखाली आडवी निजली आहे, उपटून येणार नाही, फोडून काढावी लागेल. त्यांनी छिन्नी लावली. त्यांच्या माणसाने माझे डोके आपल्या छातीशी आवळून धरले. बधिर करण्याची सुई टोचली होती, तिने वेदना कमी झाली असेल, आवाज कमी झाला नाही. स्वतःचे हाड फुटताना आतून कसे ऐकू येते, हे ज्याने ऐकले नाही त्याला सांगून उपयोग नाही. शेवटी काळ्या दोऱ्याचे टाके घालून डॉक्टरांनी शांतपणे नियम सांगितले. जोराने थुंकायचे नाही. विडी, तंबाखू नाही. वाकून ओझे उचलायचे नाही. ऊन ऊन खायचे नाही. मिठाच्या कोमट पाण्याने तोंड हलके धुवायचे. जबडा आवळून येईल, तो हळूहळू उघडायचा. रोज बोटे घालून बघायचे. आधी एक बोट मावेल, मग दोन. तीन बोटे उभी मावली की समजायचे बरे झालात. आणि पुढच्या बाजाराला टाके काढायला यायचे.

बाहेर भाऊ गाडीवर बसूनच होता. "झालं का?" तो म्हणाला. "चल, दिवसाउजेडी घर गाठायचंय."

पुढच्या बाजाराला त्याने नेले नाही. "दोरा काढायला एवढ्या लांब? वहिनी काढंल तुझी," म्हणाला. वहिनीने खरोखरच गोधडी शिवायच्या सुईने एक टाका उचलून तोडला. दुसऱ्याला मी तिचा हात धरला. "बाळंतीण तिसऱ्या दिशी जात्यावर बसते," ती म्हणाली, "न् ह्यो बाप्या एका दाताला रडतोय." त्या दिवशी तिने मला मुद्दाम शिळी भाकरी वाढली. आई हयात होती, ती वहिनीच्या पाठीमागे पेज करून आणी आणि म्हणे, "पी बाला, पी, ती यायच्या आदी पी." मी पेज पीत असे आणि रोज पडवीत बसून तोंडात बोट घालून बघत असे. एक बोट कसेबसे जाई.

भावाने तेवढ्यातच मला कामाला लावले. खळ्यावरून पेंढा वाहून उडवी रचायची होती. पहिला भारा डोक्यावर घेताना वाकलो तेव्हा गालात घण पडू लागले, आणि दुसऱ्याला तोंडात रक्ताची चव आली. डॉक्टरांनी सांगितले होते म्हणून मी थुंकलो नाही, गिळले. तिसऱ्या भाऱ्याला मी बसलो. भावाने माझ्याकडे पाहून सर्वांदेखत म्हटले, "पेज पिणाऱ्याच्यानं भारा उचलत नाय. जा, गोठ्यात बस जा, म्हातारीसारका." असा मी गोठ्यात आलो. ते काम बायकांचे आणि म्हाताऱ्यांचे: शेण काढायचे, पेंढा घालायचा, पाणी दाखवायचे. मी अपमान समजून ते पत्करले. पण त्या अपमानातून पुढचे सगळे निघाले, म्हणून तो नोंदवतो.

आमची तांबडी जोडी होती, मला शहापूरला नेऊन आणणारी तीच. तिच्यातल्या डाव्या बैलापुढे, गव्हाणीच्या खाली, अर्धवट चघळून टाकलेल्या पेंढ्याचे ओले गोळे पडलेले मला दिसले. शेतात राबणारा माणूस असल्या गोष्टी बघत नाही. दिवसभर गोठ्यात बसणाराच बघतो. मी त्याच्यासमोर पेजेचे वाडगे घेऊन बसलो आणि त्याला खाताना पाहिले. तो मान तिरकी करून एकाच बाजूने चावत होता. मी ज्या बाजूने पेजेतला भात चघळत होतो त्याच बाजूने.

बैलाच्या पुढच्या दातांच्या मागे जबड्यात एक रिकामी जागा असते. तिथून हात घातला, जीभ बाजूला ओढून धरली, तर दाढांपर्यंत बोटे पोचतात. आमच्याकडे तसे कोणी करीत नाही. सगळी विद्या पुढच्या दातांची. मागे हात घालणे म्हणजे विकणाऱ्याला चोर म्हणणे, अशी समजूत होती, आणि तिच्यामुळे पिढ्यान् पिढ्या लोक फसत आले. मी हात घातला. शेवटून दुसरी दाढ बोटाखाली हलली. बोटाला जो वास लागला तो माझ्या ओळखीचा होता. काही दिवसांपूर्वीपर्यंत तो माझ्याच तोंडात होता.

इथे मुलींनी डोळे पुसू नयेत. मला त्या जनावराची दया आली नाही. मला राग आला. माझ्या घरात, माझ्या हाताखाली असा बैल उभा होता आणि दातांसाठी ज्याचे नाव घेतले जात होते त्या मला त्याचा पत्ता नव्हता.

मी भावाला सांगितले. शब्द दातांतूनच निघत होते, तरी त्याला कळले.

"पुढले कसे हायेत?" त्याने विचारले.

"पुढले चांगले. नुकता जुळलाय."

"मग झालं. म्हशाला नेऊ. लोक पुढलेच बघतात."

"लोक मला इचारतील, दादा."

"तुझं तोंड कुठं उघडतंय?" तो हसून म्हणाला. "डाक्टरनी बांधलंय ते, मी नाय."

मी जत्रेला येणार नाही असे म्हणालो. त्याने नीट समजावल्याच्या सुरात सांगितले, "नाय आलास तर लोक बोलतील, दातवाला घरी का बसला? नुसता ये न् उभा राहा. खोटं बोल म्हणत नाय मी तुला." खोटे बोलायचे नाही, एवढीच माझी अट होती, आणि ती त्याने आपणहून मान्य केली. शिवाय खळ्यावरच्या लोकांनी मला म्हातारी ठरवले होते. मी जत्रेत दिसलो नसतो तर ते कायमचे झाले असते. मी निघालो तेव्हा माझ्या तोंडात दोन बोटे मावत होती. तिसरे मावत नव्हते. गालाला आईने जुन्या लुगड्याची पट्टी बांधून दिली होती.

म्हशाची जत्रा पौषात भरते. घोंगड्यांचे ढीग, मटणाचा वास, धूळ, आणि माळावर बैलांच्या रांगा. आम्ही बैल उभा केला. येणारा प्रत्येक जण आधी बैलाकडे आणि मग माझ्या गालाकडे बघे.

"ह्याचं तोंड का रं बांधलंय?"

"दाढ काढलीय," भाऊ माझ्या वतीने उत्तर देई. "आमच्यात कमी दातांचा हा एकच. न् ह्यो इकायचा नाय!"

लोक हसत. मी उभा होतो.

दुपारी सिद्धगडाखालच्या एका पाड्यावरचा माणूस आला. बरोबर बायको होती. त्याच्या जोडीतला एक बैल वाघाने नेला होता आणि त्याला उरलेल्याला जोड हवी होती. त्याने आमच्या बैलाचा ओठ उचलून पुढचे दात पाहिले, पाठीवर हात फिरवला, चालवून पाहिला. मग तो माझ्याकडे वळला.

"भाऊ, तुमी सांगा. मागं तुमी सोड बोललात, आमी सोडला. ज्यानं घेतला त्याचा आषाढात मेला. तुमी बोललात तर आमी डोळं मिटून घेऊ."

"त्याला बोलता येत नाय रे," भाऊ म्हणाला. "ये, हात दे."

सौदा कसा होतो ते न जाणणाऱ्यांसाठी सांगतो. घेणारा आणि विकणारा एकमेकांचे हात उपरण्याखाली धरतात आणि बोटे दाबून किंमत ठरवतात. तोंडाने आकडा कोणी काढीत नाही. उपरणे दोघांनी खुशीने बाजूला केले की सौदा झाला. मध्येच तिसऱ्याने त्याला हात लावणे हा त्या माळावरचा सर्वांत मोठा गुन्हा. त्यांचे हात उपरण्याखाली गेले. तो माणूस जरा थांबला.

"एकदा भावानं मान तरी हालवावी," तो म्हणाला.

त्यावर माझ्या भावाने जे उत्तर दिले ते मी शब्दशः लिहितो, कारण सगळे त्या उत्तरामुळे घडले. तो म्हणाला, "अरे, तोंड बंद हाय, डोळं तर उघडं हायेत ना त्याचं? बैल वाईट असता तर हा हितं उभा राहिला असता का? हा उभा हाय, तोच त्याचा शब्द."

त्या माणसाचा चेहरा सैल झाला.

माझे मौन भावाने मागितले होते ते मी दिले होते. माझा शब्द त्याने मागितला नव्हता, आणि मी दिला नव्हता. तो त्याने माझ्या देखत माझ्या खिशातून काढून दुसऱ्याच्या हातावर ठेवला. घरात मालकी त्याची, जमिनीवर नाव त्याचे, गोठा त्याचा. त्या माळावर माझे म्हणून जे एकच होते तेही तो वापरू लागला. मी पुढे झालो आणि उपरणे ओढून काढले.

"मागली दाढ सडलीय," मी म्हणालो.

जबडा उघडला तेव्हा आत काहीतरी टरकन फाटल्याचे मला कळले. शब्द रक्ताबरोबर आले, म्हणून त्या माणसाला समजले नाहीत. तो उघड्या पडलेल्या आपल्या बोटांकडे बघत राहिला. "काय?" तो म्हणाला.

"आंधळ्या, मागं हात घाल!" मी ओरडलो, त्याचे मनगट धरले आणि त्याचा हात बैलाच्या तोंडात घातला. बैल स्तब्ध उभा होता; माझ्या हाताची त्याला सवय झाली होती. त्या माणसाने हात बाहेर काढून हुंगला. मग त्याच्या बायकोने तो हात धरून हुंगला आणि नवऱ्याकडे पाहिले. भोवती जमलेले लोक हसू लागले. तेव्हा भावाने मारले.

त्याच्या हातात बैलाचा कासरा होता. त्याने तो दुमडला आणि गाठीच्या बाजूने मारला. पुतण्याने नीट वाचावे: बैल माझ्या डाव्या हाताला होता, भाऊ उजव्या हाताला, आणि लागले उजव्या गालावर. डावीकडे उभ्या असलेल्या बैलाचे शिंग माझ्या डोक्याला वळसा घालून उजव्या गालावर येत नाही. शिवाय माळावर शंभर गाल होते आणि माझ्याही चेहऱ्याला दोन बाजू होत्या. पट्टी कोणत्या बाजूला बांधली आहे हे जनावराला दिसत नाही. ते दिसायला माणूस लागतो.

मी गुडघ्यांवर आलो आणि उठलो. मी कोसळलो, बेशुद्ध झालो, असे सांगणारे त्या वेळी तिथे नव्हते. भाऊ लोकांना सांगू लागला, "ताप हाय त्याच्या डोक्यात, काय बी बडबडतोय." एक म्हातारा दलाल पुढे आला. त्याने खाली पडलेले उपरणे उचलून झटकले आणि मला म्हणाला, "खरं बोललास. पर कापड ओढलंस. उद्यापासनं तुझ्या शब्दाला हितं जागा नाय."

आणि ज्याला मी वाचवले म्हणून नातवंडांना सांगतात, तो माणूस काय म्हणाला? त्याने माझे आभार मानले नाहीत. "आदी का नाय बोललास?" तो म्हणाला. "बायकोसमोर मला आंधळा बोललास. समद्या जत्रेनं ऐकला."

त्याचा प्रश्न मला आजही मान्य नाही. आधी माझा शब्द कोणी वापरलाच नव्हता. वापरला तेव्हा मी परत घेतला. पण त्याचे नुकसान झाले ते खरे आहे. ज्याच्या हातावरून उपरणे ओढले गेले त्याच्याशी त्या जत्रेत दुसरा कोणी सौदा करीत नाही, अपशकुन मानतात. तो दिवस मावळेपर्यंत रांगांमधून फिरला आणि बैलाशिवाय परत गेला. मी त्याला लांबून पाहिले. मी त्याच्यासाठी कोणापाशी रदबदली केली नाही. माझे आता कोणी ऐकणार नव्हते, आणि ऐकत असते तरी मी केली असती असे मला वाटत नाही.

भावाने मला सांभाळून घरी आणले, हेही खोटे. तो जत्रेतच राहिला. बैल मी चालवत आणला, वाटेत मुरबाडला एका ओसरीवर पडलो, आणि घरी पोचलो तेव्हा आईने पट्टी सोडली आणि परत बांधली. मला पुन्हा पेजेवर यावे लागले. गालात पू झाला, फुटला, पुन्हा झाला. घरात माझ्याशी बोलायचे नाही, असा भावाने नियम केला, आणि वहिनी त्यात कधी चुकली नाही. वाडगे उंबऱ्यावर ठेवून ती भांड्याशी बोलल्यासारखे बोले: "ज्यांना बोलायची हौस त्यांनी उपाशी मरावं." मी तोंडात बोटे घालून बघत राहिलो. एक. पुन्हा बऱ्याच काळाने दोन. होळीचा सुमार आला तेव्हा तिसरे बोट मावले, पण तिरके. सरळ मावेना.

त्याच दिवशी भाऊ नियम मोडून माझ्याशी एवढेच बोलला. "तोंड उघडलंस ना? आता तूच ने बैलाला शहापूरला, खाटकाकडं."

दुखण्यातून उठून मी केलेले पहिले पुरे काम ते. बैलाच्या बरगड्या तोवर दिसू लागल्या होत्या. त्याला घेऊन मी शहापूरच्या बाजारात उभा राहिलो. घेणाऱ्याने त्याच्या पुठ्ठ्यावर अंगठा दाबून मांस पाहिले. मी सवयीने बैलाचा ओठ उचलला. तो माणूस मोठ्याने हसला. "दात काय दाखवतोस, भाई? मला काय त्याला जेवायला घालायचंय?"

मी ओठ सोडला आणि कासरा त्याच्या हातात दिला.

बाजाराचा दिवस होता म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तोंडात बघितले, राहिलेला काळा दोरा चिमट्याने काढून मला दाखवला आणि टाके काढायला का आला नाहीत म्हणून झापले. मग जबड्यावर बोट फिरवता फिरवता ते थांबले. "हे हाड तडकून वाकडं जुळलंय. कोणी मारलं?" मी म्हणालो, बैलाचे शिंग लागले. एकदाच मी ते वाक्य उच्चारले, परका माणूस होता म्हणून. ते म्हणाले, "शिंगानं गाल फाटतो. गाल फाटलेला नाही." सुई, छिन्नी घेणाऱ्या परक्या माणसाला जे बोटाने कळले ते आमच्या घराला साठ वर्षांत कळू नये, यात डॉक्टरांची हुशारी मोठी नाही.

सिद्धगडाखालच्या त्या माणसाची आणि माझी भेट आणखी एकदा झाली. पुढच्या वर्षी एका लग्नाच्या निमित्ताने मी कसाऱ्याला गेलो होतो. घाटाच्या पायथ्याशी रस्त्याचे काम चालले होते. खडी फोडणाऱ्यांत तो बसला होता. मी ओळखले नाही. माझ्या वाकड्या तोंडावरून त्याने मला ओळखले.

"आलास का, दातवाल्या!" तो हातोडा खाली ठेवून म्हणाला. "बैल नाय तर भाताची आवणी नाय. जमीन पडून राह्यली, मी हितं आलो. एक सांग. तुमचा तो बैल घेतला असता, तर एक पाऊस तरी निघाला असता का त्याच्यावर?"

तो मला दातांविषयी विचारत होता. म्हशाच्या माळावर ज्या माणसाच्या शब्दाला जागा उरली नव्हती त्याला विचारणारा तो त्या वर्षातला पहिला माणूस होता. मी विचार केला. एक दाढ गेलेली, बाकीच्या घट्ट, अंगात अजून ताकद.

"निघाला असता," मी म्हणालो. "एक निघाला असता. दुसरा नाय."

"एक पुरं होता," तो म्हणाला आणि हातोडा उचलला.

दुसरे कोणी असते तर नाही म्हणाले असते, त्याच्या समाधानासाठी आणि स्वतःच्याही. मी खरे तेच सांगितले. म्हणून मुलींनो, मी कोणाला वाचवले, हे पुन्हा बोलू नका.

त्यानंतर घराची वाटणी झाली आणि मी वेगळा राहिलो. म्हशाला मी दर वर्षी जात राहिलो. दलालांनी शब्द पाळला. मला कोणी सौद्यावर बोलावले नाही, मी कोणाला 'घे' म्हटले नाही, 'सोड' म्हटले नाही. मी फक्त रांगांमधून चालत जाई. आणि मी चालू लागलो की कुठे ना कुठे एखादा माणूस कासरा आखडून आपल्या बैलाचे तोंड दुसऱ्या बाजूला फिरवी. घेणारे ते पाहत असत. ज्या बैलाचे तोंड फिरले तो टाळून ते पुढे जात. माझ्या शब्दाला जागा नव्हती असे ज्यांना सांगायचे आहे त्यांनी सांगावे. मी ते बघत म्हातारा झालो.

आता शेवटचे. भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हा मी त्याला बघायला गेलो होतो. त्याचे सगळे दात गेले होते. पुतण्या उशाशी बसून चमच्याने पेज पाजत होता. भावाने वाडगे बाजूला सारले आणि माझ्या तोंडाकडे पाहिले.

"शिंगच होतं ना रे?" तो म्हणाला.

"कासरा होता, दादा."

"आता तरी..."

"कासरा होता."

वहिनी दारात होती. साठ वर्षांत पहिल्यांदा ती भांड्याशी न बोलता माझ्याशी बोलली. "मरायला टेकलाय तो. एक हो म्हणायला तुजं काय जातंय?"

"नाय म्हणत," मी म्हणालो.

त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. पुतण्याने ते सगळे ऐकले होते. चमचा त्याच्या हातात तसाच होता. तरीही तेराव्याच्या पंगतीत त्याने शिंगच सांगितले.

शेजारच्या गृहस्थांनी माझ्या भाग्याची वाखाणणी केली तेव्हा मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "कासरा होता." त्यांना वाटले मला ऐकू कमी येते. त्यांनी वाढप्याला हाक मारून माझ्या पानात आणखी भात वाढायला लावला. मी पानावरून उठलो नाही. भात संपवला, वडे संपवले, सगळे डाव्या बाजूने चावून. उजव्या बाजूने मी त्या जत्रेपासून चावलेले नाही.